बस्सी, बोला

काकांचा चेहरा मला फारसा आठवत नाही, पाठ मात्र पक्की आठवते. पांढरी बंडी, उजव्यापेक्षा किंचित खाली आलेला डावा खांदा, मानेवर चष्म्याच्या दोरीची गाठ आणि त्या गाठीखाली एक मस. जयपुरात त्यांच्या घरी मी दोन वर्षं भाड्याने राहिले. त्या दोन वर्षांत काका माझ्याशी जे काही बोलले, ते बहुतेक सगळं भिंतीकडे तोंड करून बोलले.

पहिल्या दिवशी मला हा अपमान वाटला होता. बाबांची बँकेतली बदली जयपूरहून भोपाळला झाली, माझं एम.एस्सी. नुकतंच सुरू झालेलं, म्हणून ओळखीतून आदर्श नगरातली ही खोली शोधली. मालक मराठी, मूळचे अकोल्याकडचे, रेल्वेतून रिटायर झालेले, घरात नवरा-बायको दोघंच. आम्ही सामान घेऊन आत शिरलो तर हे खुर्चीत पाठमोरे बसलेले. न वळताच म्हणाले, "या, बसा. किती वाजले?" बाबांनी घड्याळ बघून सांगितलं, दहा चाळीस. "दहा चाळीस," काकांनी शब्द जसाच्या तसा परत दिला आणि समोर भिंतीवर चिकटवलेल्या भल्यामोठ्या ग्राफपेपरवर निळ्या पेन्सिलीने एक रेघ ओढली. आई माझ्या कानाशी कुजबुजली, "डोक्याने बरे आहेत ना गं?" खोलीला स्वतंत्र दार होतं आणि काकूंच्या हातचा चहा चांगला होता, म्हणून आईने तो विषय वाढवला नाही.

काका रेल्वेत सेक्शन कंट्रोलर होते. म्हणजे काय, ते मला काकूंनी सांगितलं. एका बंद खोलीत तक्त्यासमोर बसायचं, कानाला फोन लावायचा, आणि आपल्या पट्ट्यातल्या सगळ्या स्टेशनांशी दिवसभर बोलत राहायचं. कोणती गाडी कुठून सुटली, कोणती कुठे थांबवायची, कोणती पुढे काढायची, हे सगळं फोनवर बोलून चालवायचं आणि तक्त्यावर रेघांनी उतरवायचं. एकतीस वर्षं काकांनी हेच केलं. ज्यांच्याशी बोलत होते त्यातल्या बहुतेकांचं तोंड त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

नोकरी संपली पण सवय काही संपली नाही. घराचाच त्यांनी सेक्शन करून टाकला. फाटक म्हणजे जयपूर, स्वयंपाकघर म्हणजे दौसा, गच्ची म्हणजे बांदीकुई. झोटवाड्याच्या बाजारातून जुने इंटरकॉम आणून प्रत्येक ठिकाणी बसवले होते. माझ्या खोलीला आधी नाव नव्हतं. मग डिझर्टेशनसाठी मी जयपूर आणि दौशाच्या मधल्या बस्सी स्टेशनाच्या बाजूला विहिरींची पाणीपातळी मोजायला जाऊ लागले, आणि तिसऱ्याच फेरीनंतर खोलीतला इंटरकॉम वाजला. "बस्सी, बोला." समोरासमोर मला ते तू म्हणायचे, लाईनवर मात्र अहोजाहो. लाईनची एक अदब असते म्हणे.

या लाईनचा एकच कायदा होता. सांगितलेलं जोवर समोरचा उलट सांगत नाही, तोवर ते पोचलेलं नाही. काकूंनी "कांदे संपले" म्हटलं की काका म्हणणार, "कांदे संपले, अकरा पाच." काकांनी "फाटकावर दूधवाला" म्हटलं की काकूंनी कढईतला झारा तसाच धरून "फाटकावर दूधवाला, सात दहा" म्हणायचं. मी एकदा नुसतं "हो" म्हटलं तर ते दहा मिनिटं माझ्याशी बोलले नाहीत. "हो म्हणजे काय?" मग म्हणाले. "तुले ऐकू आलं, हे मले कसं समजन? उलट सांगतलं म्हणजे पोचलं." एका प्लंबरला त्यांनी "भैया, मैंने क्या बोला, वापस बोलो" असं तीन वेळा म्हणायला लावलं होतं. तो चहा पिऊन येतो म्हणाला आणि पुन्हा आलाच नाही.

या सगळ्याला मी मनमुराद हसायचे. घरी फोन करून आईला नकला करून दाखवायचे. फोनवर मला सगळं जमायचं, चार माणसांत नाही. वर्गात उभं राहून बोलायचं म्हटलं की माझे तळवे गार पडायचे. पण वर्गात निदान मैत्रिणीचे डोळे सापडायचे, तेवढ्यावर मी निभावून न्यायची. लॉकडाऊन आला आणि विद्यापीठ लॅपटॉपात शिरलं, तसे ते डोळेही गेले. उरले काळे चौकोन आणि त्यात पांढऱ्या अक्षरांतली नावं.

पहिला सेमिनार मला लख्ख आठवतो. मी "गुड मॉर्निंग" म्हटलं. कुणीच काही बोललं नाही. पहिली स्लाईड वाचली. पलीकडे सगळं शांत. कोपऱ्यात माझाच चेहरा हलत होता आणि मी बोलायच्या आधी तो ओठ हलवतोय असं मला वाटू लागलं. छातीत इतकं जोरात वाजत होतं की ते माईकमधून सगळ्यांना ऐकू जात असणार याची मला खात्रीच पटली. मी लॅपटॉप फटकन मिटला आणि ग्रुपवर लिहिलं, 'सॉरी मॅम, लाईट गेली.' पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. या वेळी लिहिलं, 'नेटवर्क गेलं.' मग गाईड मॅमचा फोन आला. बाई प्रेमळ होत्या, म्हणूनच जास्त भीती वाटली. म्हणाल्या, "बेटा, अब सीधा फाइनल है, बाहर के एग्ज़ामिनर आएँगे. उसमें नहीं बोली तो डिग्री रुक जाएगी. तीसरी बार नेटवर्क नहीं जाएगा ना?"

त्याच दुपारी इंटरकॉम वाजला. "बस्सी, मधल्या खोलीत या."

काका नेहमीसारखे पाठमोरे. भिंतीवर त्यांनी मागच्या महिन्यातला, माझ्या सेमिनारच्या दिवसाचा ग्राफपेपर लावला होता. त्यावर काकूंची लाल रेघ, माझी निळी, आणि सगळ्यात खाली एक काळी रेघ होती, जी मी तोवर नीट पाहिली नव्हती. ती लाईटची होती. वीज कधी गेली, कधी आली, सगळं त्यात मांडलेलं. काकांनी पेन्सिलीचं टोक तिच्यावर ठेवलं. "मागच्या महिन्यात तू काकूले सांगतलं, लाईट गेली म्हणून बोलता नाही आलं. अकरा वीसले. अकरा वीसले लाईट गेली नोती."

मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. ते बाबांना सांगतील, मॅमना कळेल, सगळ्यांना कळेल. काका मात्र चिडले नव्हते. "गाडी मधातच थांबली का डिटेन्शन म्हणतात," ते म्हणाले, "अन् डिटेन्शनचं कारण लिहा लागते. काहून थांबली?"

त्यांची पाठ होती म्हणूनच मला सांगता आलं असेल. मी म्हटलं, "भीती वाटली."

त्यांनी माझ्या निळ्या रेघेवर, जिथे ती अकरा वीसला तुटली होती, तिथे बारीक अक्षरात लिहिलं, 'कारण : भेव.' मग पेन्सिल खाली ठेवली. "इकतीस वर्षांत सिग्नल लिहिला, इंजिन लिहिलं, म्हशी लिहिल्या. हे पहिल्यांदा लिहिलं."

काकू मेथी निवडत बसल्या होत्या. नंतर स्वयंपाकघरात त्यांनी मला हळूच सांगितलं. काकांच्या निरोपसमारंभाला सेक्शनमधल्या स्टेशनांवरून मास्तर आले होते, कुणी रजा टाकून, कुणी रात्रपाळी करून. ज्या माणसाचा आवाज वर्षानुवर्षं ऐकला त्याचं तोंड एकदा पाहावं म्हणून. काका माईकपाशी गेले, मान वर केली, समोर एवढे चेहरे पाहिले, आणि एक शब्द न बोलता मागच्या दाराने निघून गेले. गळ्यातल्या हारासकट ऑटोत बसून घरी आले. "त्या दिवसापासून त्यायनं भिंतीकडं तोंड केलं ते केलंच," काकू म्हणाल्या. "लोक म्हणतात, घमंडी आहेत. मले माहीत आहे ना, भेतात ते." त्या दिवसापासून काकांच्या नकला करणं मी बंद केलं.

मग आमची तालीम सुरू झाली. रोज सकाळी दहाला मी माझ्या खोलीत लॅपटॉप उघडून बसायची, इंटरकॉमचा रिसीव्हर टेबलावर काढून ठेवायची आणि भिंतीपलीकडे काका ऐकायचे. मी म्हणायचे, बस्सी तहसीलमधल्या अमुक विहिरींची पातळी पाच वर्षांत एवढी खाली गेली. पलीकडून खरखरत उत्तर यायचं, "पातळी खाली गेली, पोचलं." एक वाक्य जायचं, एक परत यायचं. आठ दिवसांत मी सगळ्या स्लाईड न अडखळता म्हणू लागले. पण मला माहीत होतं की खऱ्या वेळी कुणी उलट सांगणार नाही. तसं मी म्हटलंही.

"लाईनवर सारेच असतात," काका म्हणाले. "मी दौशाशी बोलून राहिलो असलो तरी बाकीचे कान लावून असत. चूप असत. चूप म्हणजे मेले नाहीत पोरी, चूप म्हणजे ऐकून राहिले." तरी माझी भीती हटेना. शेवटी त्यांनीच तोड काढली. परीक्षेच्या दिवशी रिसीव्हर टेबलावरच राहील. मी एकेक मुद्दा संपवला की ते पेन्सिलीच्या मागच्या टोकाने भिंतीवर दोन ठोके मारतील. दोन ठोके, म्हणजे पोचलं.

दिवस उजाडला. काकू लशीचा दुसरा डोस घ्यायला शेजारणीबरोबर गेल्या होत्या. काका सकाळपासून जरा गप्प होते, चहा अर्धा ठेवला होता. माझं लक्ष माझ्यातच होतं. साडेअकराला माझं नाव पुकारलं. बाहेरचे परीक्षक, गाईड मॅम, विभागप्रमुख आणि तीसेक काळे चौकोन. मी बोलू लागले. आवाज थरथरत होता, पण पहिला मुद्दा संपला आणि भिंतीवर वाजलं, टक टक. दुसरा मुद्दा. टक टक. तिसरा, चौथा. मी कोपऱ्यातल्या माझ्या चेहऱ्याकडे बघणंही विसरले.

पाचव्या मुद्द्यानंतर ठोके आले नाहीत.

मी थांबले. पलीकडे काहीतरी लहानसं जमिनीवर पडल्याचा आवाज झाला. घड्याळात अकरा बेचाळीस झाले होते, हे मला माहीत आहे कारण त्या घरात राहून वेळ बघायची सवय लागली होती. परीक्षक म्हणाले, "यस, कंटिन्यू." आणि मी पुढची स्लाईड लावली. मनात म्हटलं, चूप म्हणजे ऐकून राहिले. काकांचंच वाक्य मी स्वतःला सांगितलं. सहावा मुद्दा बोलले. ठोका नाही. आता उठले तर हे तिसऱ्यांदा होईल, कुणीच विश्वास ठेवणार नाही, डिग्री जाईल, बाबांना काय सांगू, हे सगळं डोक्यात फिरत होतं आणि तोंड विहिरींची आकडेवारी सांगत होतं. आयुष्यात मी इतकी सलग कधी बोलले नव्हते. सातवा मुद्दा अर्ध्यावर असताना माझ्याने पुढे जाववेना. "सर, मुझे जाना पड़ेगा," एवढंच म्हटलं आणि उठले. अकरा सेहेचाळीस.

मधल्या खोलीत काका खुर्चीत पाठमोरे बसले होते. बंडी, खांदा, मस, सगळं रोजच्यासारखं. क्षणभर इतकं हायसं वाटलं की मला रागच आला. मग जमिनीवर पडलेली पेन्सिल दिसली. मी पुढे जाऊन त्यांच्यासमोर उभी राहिले, आणि तो चेहरा मी पहिल्यांदा पुरता पाहिला. उजवी बाजू ओघळली होती. डोळे माझ्याकडे होते. तोंड उघडत होतं, पण त्यातून शब्द येत नव्हता.

ॲम्ब्युलन्सचा फोन लागला. पलीकडच्या माणसाचा आवाज थकलेला, त्या दिवसांत सगळ्यांचेच तसे होते. मी पत्ता सांगितला. "ठीक है, भेजते हैं," तो म्हणाला.

"वापस बोलिए," मी म्हटलं.

"क्या?"

"जो मैंने बोला, पूरा वापस बोलिए."

त्याने वैतागून पत्ता म्हटला. त्यात गल्ली नव्हतीच, नुसतं आदर्श नगर. मी पुन्हा सांगितलं, गुरुद्वाऱ्याच्या मागची गल्ली, निळं फाटक, आणि पुन्हा उलट म्हणायला लावलं. तो म्हणाला, तेव्हाच फोन ठेवला. माझा आवाज जरासुद्धा कापत नव्हता. याचं मला पुढे किती तरी दिवस नवल वाटत राहिलं.

गाडी वेळेत आली. संध्याकाळी हॉस्पिटलमधून मॅमना फोन केला, खोटं बोलत नाही हे कसं पटवायचं याची वाक्यं जुळवत. त्यांनी मला बोलूच दिलं नाही. "बेटा, तुम्हारा माइक चालू था. हम सब सुन रहे थे. कोई नहीं गया." बारा दिवसांनी त्यांनी माझी परीक्षा पुन्हा घेतली. भिंतीपलीकडे कुणी नव्हतं. मी अडखळत, घाम पुसत सगळं बोलले आणि बेताच्या मार्कांनी पास झाले. भीती काही गेली नाही. आज पुण्यात नोकरीत रोज दोन-तीन ऑनलाईन मीटिंगा असतात, आणि अजूनही सुरुवातीला मी कुणाला तरी नाव घेऊन विचारते, मी काय म्हटलं ते जरा सांगता का? लोक हसतात. हसू देत.

पण मी पास झाले तेव्हा मला आनंद झाला नाही. डॉक्टर काकूंना म्हणाले होते की अशा वेळी एकेक मिनिट मोलाचं असतं. ते वाक्य मी दारात उभी राहून ऐकलं होतं. माझ्या चार मिनिटांबद्दल कुणालाच माहीत नव्हतं.

काका तीन आठवड्यांनी घरी आले. चालता येत होतं थोडं, उजवा हात लुळा, आणि बोलणं बंद. शब्द डोक्यात होते, पण ओठावर येताना भलतेच होऊन यायचे. एकदा पाणी मागायला गेले आणि तोंडातून काय आलं ते त्यांनाच कळेना. तेव्हापासून तोंड मिटलं ते मिटलंच. वाचा सुधारायला शिकवणाऱ्या बाई तेव्हा व्हिडिओ कॉलवरच शिकवायच्या. काकूंनी फोन समोर धरला, त्यात कोपऱ्यात काकांना आपला वाकडा चेहरा दिसला, आणि त्यांनी डाव्या हाताने खुर्ची सरकवून भिंतीकडे तोंड केलं. बाई चार वेळा प्रयत्न करून थकल्या. आत्ता नाही बोलले तर मग कठीण होईल, असं त्या काकूंना म्हणाल्या. काकू माझ्याकडे आल्या. "तू तरी बोल त्यायच्याशी. तुझ्याशी बोलतीन."

मी ग्राफपेपरपाशी गेले. त्या दिवशीचा कागद तसाच होता, काकांनी ओढत आणलेली माझी निळी रेघ अकरा बेचाळीसला थांबलेली. ती मीच पुढे ओढली, अकरा सेहेचाळीसपर्यंत, आणि तिच्यावर लिहिलं, 'डिटेन्शन चार मिनिटं. कारण : भेव.' काका बघत होते. समजलं की नाही कोण जाणे. तोंडावर सांगायची माझी छाती झाली नाही. मी माझ्या खोलीत गेले, दार लावलं, भिंतीकडे तोंड करून बसले आणि इंटरकॉम उचलला. काकूंनी पलीकडे रिसीव्हर त्यांच्या डाव्या कानाला लावून धरला.

"काका, बस्सी बोलतेय," मी म्हटलं. तळवे परीक्षेच्या दिवसापेक्षा गार पडले होते. "त्या दिवशी तुमचे ठोके थांबले, ते मला कळलं होतं. काहीतरी पडलेलंही ऐकलं. तरी मी चार मिनिटं बोलत राहिले. परीक्षा जाईल म्हणून घाबरले. चार मिनिटं, काका."

पलीकडे काहीच नाही. चूप म्हणजे ऐकून राहिले, हे मी या वेळी स्वतःला म्हणू दिलं नाही. त्या घराचा कायदा मला माहीत होता. उलट सांगितल्याशिवाय पोचत नाही, आणि उलट सांगायची ज्याला भीती वाटत होती त्याच्याकडेच मी ते मागत होते. फोन ठेवून द्यावा, पळून जावं, भोपाळची गाडी धरावी असं वाटलं. मी ठेवला नाही.

श्वासाची घरघर ऐकू आली. मग एक आवाज, शब्द नव्हे, नुसता आवाज. काकू काहीतरी बोलायला गेल्या असाव्यात, आणि त्यांना गप्प केल्याचा हुंकार आला.

"चा..." पलीकडून आलं. थांबलं. "चार."

मी रिसीव्हर कानाशी घट्ट धरला.

"मि... मिन्टं." आणि बऱ्याच वेळाने, जिभेला ओढत आणल्यासारखं, "पो...चलं."

मला रडू कोसळलं. लाईनवर रडायचं नसतं, पण त्या दिवशी इलाज नव्हता. पलीकडे काका तसेच थांबून होते, घाई न करता, जसे एकतीस वर्षं कुठल्या तरी स्टेशनाच्या उत्तरासाठी थांबत आले असतील. मग खरखर झाली.

"बस्सी," काका म्हणाले, एकेक अक्षर सुटं करून, "बो...ला."